माझा सैनिक पॅक काढत नाही

३ सप्टेंबर

आजपासून रोजनिशी. माणसाने स्वतःचा हिशेब स्वतःच ठेवावा, दुसऱ्याने ठेवला की त्यात मत्सर शिरतो. इथे खरं तेच लिहायचं. (वही कालच आणली होती. काल आळस केला. नोंद केली.)

सध्याची स्थिती: वय चव्वेचाळीस. मूल्यमापन विभागात साहेबांच्या खालोखाल मीच. साहेब मार्चअखेर निवृत्त होणार. त्यांच्या जागी कोण, हे सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त कोणी बोलून दाखवत नाही.

काम: सैनिकाच्या अंगावर रेडिओ असतो, अंधारात पाहायचा चष्मा असतो, वाट दाखवणारं यंत्र असतं. प्रत्येकाची बॅटरी वेगळी, शिवाय सुट्या बॅटऱ्या. बिचारा सात किलो नुसती वीज वाहतो. आता आमच्याकडे एक पॅक तपासायला आलाय. दोन किलो, पाठीला बांधायचा, सगळ्या यंत्रांना एकाच जागेहून वीज. तो किती चालेल हे कॉम्प्युटरवर मॉडेल करून मी सांगायचं. मॉडेल म्हणतं बहात्तर तास. म्हणजे सुट्या बॅटऱ्या घरी ठेवा आणि सुखाने चाला.

११ सप्टेंबर

मॉडेलमधला सैनिक मी स्वतः घडवला. रेडिओवर मोजकं बोलतो. काम झालं की यंत्र बंद करतो. कुरकुर नाही, फाटे फोडणं नाही. पॅक एकदा चढवला की तीन दिवस उतरवत नाही, त्यामुळे अंगाच्या उबेने पॅक उबदार राहतो. म्हणून मी तापमान पंचवीस अंश धरलंय.

विभागात एक मुलगी नवीन लागलीय. तिने विचारलं की सर, बर्फात पंचवीस अंश कुठून आणायचे? समजावून सांगितलं. म्हणाली, आणि त्याने पॅक काढून खाली ठेवला तर? मी म्हटलं, माझा सैनिक पॅक काढत नाही. तरी तिचं तापमान, तापमान चालूच. शेवटी मी तिचं नाव थर्मामीटर ठेवलं. सगळे हसले.

घरी आल्यावर मनाला लागून राहिलं. हाताखालच्या माणसाला असं नाव ठेवणं योग्य आहे का? जेवण होईपर्यंत विचार केला. नाव नेमकं आहे. सबब योग्य.

१९ सप्टेंबर

उबेचा पुरावा असलेला बरा. कोल्ड चेंबर वापरता येत नाही, त्यात भांडारवाल्यांनी मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्यात. त्या हलवायला अर्ज, अर्जाला सही, सहीला आठवडा. मग स्वतःवरच प्रयोग करायचं ठरवलं. पॅक स्वेटरच्या आत बांधला आणि दिवसभर टेबलाशी बसलो. तापमान तीस अंश! मी उगाच कमी धरलं होतं. हा माझा स्वभावच आहे, स्वतःच्या विरुद्ध चूक करतो.

घरीही उतरवला नाही. बायको म्हणाली, अहो, निदान जेवायला बसताना तरी ते कुबड काढा. काढलं नाही. पालथा झोपलो. ती उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. संशोधनात घरच्यांनाही थोडं सोसावं लागतं.

२ ऑक्टोबर

बायकोचा धाकटा भाऊ सुटीवर आलाय. तुकडीचा रेडिओ त्याच्याकडे असतो. सकाळी डोळा उघडला की त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू, आणि बायको त्याला हं हं करत ऐकते. माझं बोलणं ऐकताना ती भाजी निवडते.

खराखुरा सैनिक आयता घरात आलाय तर तपासावा म्हणून त्याला पॅक बांधला. जेवणाआधीच त्याने तो काढून सोफ्यावर टाकला आणि वर ओला टॉवेल वाळत घातला. जाब विचारला. म्हणाला, भावोजी, माणूस थांबला की पहिल्यांदा पाठ मोकळी करतो. झोपताना हे धूड कुठे घ्यायचं, पोटावर? मग श्वास कुठे घ्यायचा? बायको हसता हसता खाली बसली.

त्याची नोंद अपवाद म्हणून वगळली. एका माणसावरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय आहे. (माझा प्रयोगही एकाच माणसावर होता. पण तो माणूस शिकलेला होता.)

५ ऑक्टोबर

या हिवाळ्यानंतर मेहुण्याला रेडिओ शिकवायच्या शाळेत शिक्षक म्हणून घेणार आहेत. तोंडी ठरलंय, हुकूम व्हायचाय. लहानपणी तो भिंतीला शिकवायचा म्हणे, हातात लाटणं घेऊन. बायकोने हे मला आज दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा तिचे डोळे भरले. मीही त्याला मोलाचा सल्ला दिला: चांगला शिक्षक कमी बोलतो. यावर तो अर्धा तास बोलला.

२२ नोव्हेंबर

पॅकची खरी चाचणी मंजूर! चौघांची तुकडी, रेडिओवाल्याच्या पाठीवर एक पॅक, बर्फाचा डोंगर, तीन दिवस. साहेबांनी विचारलं, कोणती तुकडी? मी मेहुण्याची सुचवली.

मागाहून शंका आली, हा पक्षपात तर नाही? नीट विचार केला. पक्षपात म्हणजे आपल्या माणसाला सुखाची जागा देणं. ही जागा सुखाची नाही. सबब पक्षपात नाही. उलट, यशस्वी चाचणीत त्याचं नाव आलं तर शाळेच्या हुकमाला जोर येईल. त्याला हे उपकार सांगायचे नाहीत असं ठरवलं. फोन करून सांगितले.

बायकोने विचारलं, त्याला काही होणार नाही ना? म्हटलं, अगं, मॉडेल आहे. तिने पुन्हा तेच विचारलं. काही माणसांना आकडे कळत नाहीत.

८ डिसेंबर

साहेबांच्या खोलीत सहीसाठी गेलो होतो. पडदे बदलावे लागतील.

१२ जानेवारी

डोंगराच्या पायथ्याचा तळ. पेनातली शाई गोठल्यामुळे पेन्सिलने लिहितोय.

निघण्याआधी चौघांचं सामान मी जातीने तपासलं. अटच आहे: सुट्या बॅटऱ्या एकही न्यायच्या नाहीत, नाहीतर पॅक किती चालला ते कळणार कसं? मेहुण्याच्या पिशवीत, लोकरी मोज्यांत गुंडाळलेल्या, रेडिओच्या दोन बॅटऱ्या निघाल्या. तो हसला आणि हळूच म्हणाला, भावोजी, राहू द्या की, वापरणार नाही, नुसत्या असू द्या. म्हातारीला काठी लागत नसली तरी उशाशी असते.

क्षणभर मन विरघळलं. नातं आड येत होतं. तेव्हाच कळलं की ही परीक्षा पॅकची नाही, माझी आहे. मी सगळ्यांसमोर त्या बॅटऱ्या काढून घेतल्या. सगळ्यांसमोर अशासाठी की उद्या कोणी म्हणू नये, मेहुणा म्हणून सोडलं. तुकडीप्रमुख म्हणाला, साहेब, वर हवा वेगळी असते. मी त्याला पानं उलटून आलेख दाखवला. तो म्हणाला, कागदावरच्या माणसाला थंडी वाजत नाही. असली चटकदार वाक्यं बोलणाऱ्या लोकांकडे सहसा आकडे नसतात.

मेहुणा जाताना बराच वेळ हात हलवत होता. मोजे त्याने परत पिशवीत घातले. बॅटऱ्या माझ्या कोटाच्या खिशात आहेत. छान उबदार राहिल्यात.

१४ जानेवारी

काल दुपारपासून वरून आवाज नाही. मी तळावरच्या लोकांना सांगितलं, घाबरू नका, माझं मॉडेल कमी बोलणारा सैनिक धरतं. म्हणजे शिस्त पाळतायत.

रात्री

अजून आवाज नाही. शिस्त जरा जास्तच वाटते.

१५ जानेवारी

तपशील असा. पॅक एकतीस तासांत मेला. रेडिओ गेला, वाट दाखवणारं यंत्र गेलं. धुकं पडलं, एकाचा पाय मुरगळला, तंबू फाटला. मदत मागायला काही साधन उरलं नाही, म्हणून मेहुणा रात्रभर एकटा बर्फातून उतरत पहाटे तळावर आला. बाकी तिघांना दुपारी खाली आणलं, ते ठीक आहेत. मेहुण्याच्या डाव्या पायाची तीन बोटं काळी पडलीत. डॉक्टर म्हणाले, काढावी लागतील.

पॅक तो वरच ठेवून आला. चाचणीचं उपकरण असं टाकून येणं नियमात बसत नाही. आता लगेच बोललो नाही. माणुसकी म्हणून एक गोष्ट असते.

बायकोला फोन केला. सुरुवात चांगल्या बातमीने केली: सात बोटं शाबूत आहेत.

२३ जानेवारी

साहेबांनी दार लावून घेतलं. म्हणाले, समिती बसणार. दोष पॅकच्या तपासणीचा निघाला तर तुम्ही भांडारात जाल, गोदामातले खिळे मोजायला. दोष वापरणाऱ्याचा निघाला तर गोष्ट वेगळी. मी म्हटलं, मी फक्त सत्याच्या बाजूने आहे. ते म्हणाले, तेच म्हणतोय मी, लवकर शोधा.

२६ जानेवारी

हॉस्पिटल. बायको त्याच्या उशाशी बसून संत्रं सोलत होती. मी शास्त्रीय पद्धतीने चौकशी केली. त्याच्या तोंडात शब्द घालायचा नाही, असं आधीच ठरवलं होतं. म्हणून नुसतं विचारलं, तू रेडिओवर फार बोललास, असं झालं असेल का? म्हणाला, नाही भावोजी, बोलायला होतं कोण? मी म्हटलं, नीट आठव, घाई नाही. साहेब मला भांडारात पाठवायचं म्हणतायत, पण त्याचा तुझ्या उत्तराशी काही संबंध नाही.

तो बहिणीकडे बघत राहिला. तिने मान वर केली नाही, संत्र्याच्या शिरा काढत बसली. मग तो म्हणाला, असेल, बोललो असेन. मला सवयच आहे ना बडबडीची. ताईलाच विचारा.

पारदर्शकतेसाठी मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच म्हणाला. त्याच्यावर कसलाही दबाव नव्हता, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो. निवेदन मीच लिहून नेलं होतं, त्याने नुसती सही केली.

येताना रिक्षात बायको पार कडेला सरकून बसली. थकली असावी.

६ फेब्रुवारी

मॉडेल बरोबर होतं! अहवाल दिला: बडबडीमुळे वीज संपली, दुसरं काही नाही. साहेबांनी पाठीवर थाप मारली. मार्चबद्दल काही म्हणाले नाहीत, पण थाप दोनदा मारली.

१३ फेब्रुवारी

मेहुण्याला पत्र आलं. चाचणीत हलगर्जी केल्याचा ठपका. शाळेत नेमणूक नाही. शिवाय बोटं स्वतःच्या चुकीने गेली, म्हणून सैन्यातूनच कमी करायचा प्रस्ताव आहे. दोन मार्चला समिती शेवटचा निर्णय घेईल.

त्याला वाटलं होतं, फार तर रागावतील. असं तो म्हणाला. आता आमच्याकडेच राहतो. बाहेरच्या खोलीत भिंतीला धरून चालायचा सराव करतो. घर एकदम शांत झालंय. खरं सांगायचं तर वाचनाला बरं पडतं.

१९ फेब्रुवारी

थर्मामीटरने खुर्च्या हलवल्या. अर्ज नाही, सही नाही, दोन शिपाई घेऊन सरळ बाहेर काढल्या. कोल्ड चेंबरमध्ये तसलाच पॅक ठेवला, डोंगरावरची थंडी लावली, रेडिओ नुसता चालू ठेवला. कोणी एक शब्द बोललं नाही. पॅक तिसावा तास उलटताच मेला.

मला बोलावून दाखवला. मी म्हटलं, दोन कारणं असू शकतात. ती म्हणाली, सर, आत कोण बडबडत होतं?

तिचा स्वर मला आवडला नाही. तरी रागावलो नाही. तिला सांगितलं की एका प्रयोगावरून निष्कर्ष काढता येत नाही. ती म्हणाली, दुसरा प्रयोग डोंगरावर झालाय की. म्हणाली, समितीसमोर तुम्ही सांगा, तुमचा मान आहे. मी सांगितलं तर, नवी पोरगी, चोंबडी, म्हणून हाकलतील.

माझा मान आहे हे तिला कळतं, एवढं बरं आहे.

२० फेब्रुवारी

झोप नाही. प्रश्न: मी अप्रामाणिक आहे का? उत्तर: अप्रामाणिक माणसाला झोप लागते.

२४ फेब्रुवारी

बायकोला सगळं सांगितलं. म्हणजे तिने विचारलं आणि मी खोटं बोलू शकलो नाही. म्हणजे थर्मामीटरने तिला फोन केला होता.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. म्हणाली, त्या दिवशी त्याने माझ्याकडे बघितलं आणि मी संत्र्याकडे बघत राहिले. माझं पाप मी फेडेन. तुम्ही समितीत उभे राहा आणि सांगा की चूक माझी आहे. एवढंच वाक्य. तीन शब्द आहेत, पाठ करायलाही लागणार नाहीत. भांडारात गेलात तरी चालेल, खिळे मोजून घरी आलात की मी चहा करून ठेवीन. पण हे नाही केलंत तर या घरात मी फक्त भाड्याने राहते असं समजा.

मी तिला वचन दिलं. तिचा हात हातात घेतला. गार होता.

२७ फेब्रुवारी

निश्चय पक्का. सगळं सांगणार. पंचवीस अंश, खुर्च्या, मोज्यातल्या बॅटऱ्या, सगळं. भाषण लिहिलं. फार हृदयस्पर्शी झालंय. आरशासमोर म्हटलं तर माझेच डोळे भरून आले. मेहुणा भिंत धरून दारापर्यंत आला होता, त्याने थोडं ऐकलं असावं. रात्री जेवताना, डोंगरावरून आल्यापासून पहिल्यांदाच, एक विनोद केला. चपलेच्या दुकानदाराकडून आता तो तीन बोटांची सूट मागणार आहे म्हणे. बायको हसली. किती दिवसांनी.

मोठा माणूस चूक कबूल करूनच मोठा होतो. समितीवरही परिणाम होईल. कदाचित साहेबांच्या जागेसाठी त्यांना असाच माणूस हवा असेल.

१ मार्च

भाषण जरा लांब वाटतंय. खुर्च्या गाळल्या. तो भांडाराचा अंतर्गत विषय आहे. मोज्यातल्या बॅटऱ्याही गाळल्या. तिथे नात्याचा उल्लेख करावा लागतो, आणि सरकारी बैठकीत घरगुती गोष्टी आणू नयेत.

२ मार्च, सकाळ

बायकोने शर्ट इस्त्री करून ठेवलाय. मेहुणा म्हणाला, भावोजी, घाबरू नका, रेडिओवर बोलायचं तसं बोला. आधी श्वास, मग बटण.

२ मार्च, संध्याकाळ

झालं. बोललो.

सविस्तर लिहितो. मोठं सभागृह, लांब टेबल, सात माणसं, पाण्याच्या बाटल्या. अध्यक्षांनी फाईल चाळली आणि विचारलं, मूल्यमापन विभागाला आणखी काही सांगायचंय? साहेब माझ्याकडे बघत होते. थर्मामीटर मागे भिंतीशी उभी होती. मी उठलो. आधी श्वास घेतला. म्हटलं, सर, एक चूक झाली आहे आणि ती माझी आहे.

अध्यक्षांनी चष्मा काढला.

तेवढ्यात माझी नजर समोरच्या अहवालावर गेली. पान नऊ. तिथल्या आलेखात वजन किलोत हवं होतं, खाली ग्रॅम छापलंय. माझ्याच हातची चूक. एक चूक कबूल करायला उभं राहायचं आणि डोळ्यांसमोरची दुसरी झाकून ठेवायची, हे माझ्या तत्त्वात बसेना. मी आधी ती सांगितली. क्षमा मागितली. पुढचं बोलणार एवढ्यात अध्यक्ष म्हणाले, इतका काटेकोर माणूस मी नोकरीत पाहिला नाही. बसा, बसा. टेबलावर दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. टाळ्या चालू असताना बोलणं असभ्य दिसतं. बसलो.

मग निर्णय झाले. मेहुण्याचा प्रस्ताव मंजूर. कोणी वाचलाही नाही, अध्यक्षांनी सही केली आणि पान उलटलं. पॅकबद्दल: सैनिकांना नको, पण टाकून देण्याइतका वाईट नाही, या सभागृहातल्या माइकना वापरावा, इथे उबदार असतं. माझ्याबद्दलही निर्णय झाला. अध्यक्ष साहेबांना म्हणाले, असा माणूस मॉडेल वगैरेत कशाला कुजवता? भांडारात कुठल्याच नगाचा मेळ लागत नाही, ह्यांना तिकडे द्या. साहेब म्हणाले, माझ्याही मनात तेच होतं. एक एप्रिलपासून.

बाहेर थर्मामीटर भेटली. माझ्याकडे बघून मान हलवली आणि गेली. भारावली असावी.

घरी आलो. बायको दारातच होती. विचारलं, सांगितलंत? म्हटलं, हो. उभा राहिलो आणि म्हणालो, चूक माझी आहे. यात एकही शब्द खोटा नाही. तिने विचारलं, मग काय म्हणाले? म्हटलं, मला भांडारात टाकलं. ती रडायला लागली, हसायलाही लागली, आणि माझ्या छातीवर डोकं ठेवलं. लग्नानंतर पहिल्या वर्षी ठेवायची तसं. अशा वेळी तपशिलात शिरणं बरं दिसलं नसतं.

मेहुणा आतून आला. भिंतीला हात न लावता आला, चार पावलं. म्हणाला, भावोजी, मला माफ करा. तुम्ही तोंड उघडणार नाही असं मी मनात धरून बसलो होतो. एवढं बोलून त्याला हुंदका आला.

मी त्याला माफ केलं.

आता बाहेरच्या खोलीत तो ताईला रेडिओ कसा शिकवायचा ते सांगतोय. पहिल्या दिवशी वर्गात काय बोलणार, पोरं चुकली तर काय करणार. ती हं हं करत ऐकतेय. शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणे.

समितीच्या निर्णयाचं पत्र घरी यायला साधारण आठवडा लागतो. तेवढे दिवस तरी घरात कुणाचं मन दुखवायचं नाही, असं ठरवलं आहे.